थायी संस्कृती : इतिहास व धर्मपरंपरा

थायी संस्कृती : आग्नेय आशियातील थायलंड (पूर्वीचे सयाम) या देशात सु. दीड हजार वर्षांच्या काळात घडत आलेली संमिश्र संस्कृती. मोन, ख्मेर, ताई, मलायी व चिनी या लोकांचा आणि भारत, श्रीलंका, इराण व यूरोप येथून आलेल्या विचारांचा व आचारांचा तिच्या घडणीत वाटा आहे. या संस्कृतीविषयी तीन विधाने सर्वत्र आढळतात : थायलंड हे बौद्ध राष्ट्र आहे, त्याची संस्कृती भारतीय संस्कृतीची शाखा आहे, आणि आग्नेय आशियात हाच एक देश यूरोपीय सत्तांच्या अंकित झाला नाही. ही तिन्ही विधाने सत्यावर आधारलेली असली, तरी त्यांपैकी एकही विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. राज्यघटनेने बौद्ध धर्माला राजधर्म म्हणून घोषित केलेले नाही. भारतातून आलेल्या गोष्टी थायी लोकांनी निवडून व पालटून घेतल्या. आणि स्वातंत्र्य टिकविण्यासाठी सयामला मोठा प्रदेश व काही सार्वभौम हक्क यांवर पाणी सोडावे लागले. प्रस्तुत नोंदीत या तीन विधानांच्या अनुषंगाने थायी इतिहासाचे विवेचन केले आहे.

नाव : ‘सयाम’ हे नाव बाह्य जगात रूढ होते. पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांच्या सरकारने २४ जून १९३९ रोजी देशाचे अधिकृत नाव ‘प्रथेत थाय’ (थायलंड) असे केले. यातील ‘प्रथेत’ हा शब्द संस्कृत ‘प्रदेश’ या शब्दाचे थायी रूप असून त्याचा तेथील अर्थ ‘देश’ असा आहे. ‘थाय’ या शब्दाचा ‘स्वतंत्र’ असा अर्थ लावण्यात येतो. मात्र तो मुळात एका लोकसमूहाचा वाचक आहे. त्यामुळे मलायी, ख्मेर, लाओ व चिनी वंशाच्या प्रजाजनांचे स्थान काय, हा प्रश्न या नामांतरातून निर्माण झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये ‘सयाम’ हे नाव पुन्हा स्वीकारण्यात आले व १९४९ पासून ‘थायलंड’ हेच नाव कायम झाले.

राजधानीचे बँकॉक हे नाव परकीयांच्या वापरातील होय. थायी लोक तिला ‘क्रुंग थेप’ म्हणजे देवांची नगरी असे म्हणतात. तिचे संपूर्ण औपचारिक नाव थायी लिपीत १६८ अक्षरांचे असून ते जवळजवळ सर्वस्वी पाली व संस्कृत शब्दांनी बनलेले आहे. त्यातील महानगर, अमर, रत्न, महेंद्र, नवरत्न, राजधानी, पुरी, रम्य, उत्तम, महास्थान, विमान, अवतार, शक्र व विश्वकर्मा ही पदे मराठी वाचकास सहज ओळखता येतील. हे नगर शक्राने (इंद्राने) दिले व विश्वकर्म्याने उभारले, असा या नावाच्या अखेरच्या भागाचा आशय आहे. बौद्ध राजाच्या राजधानीचे नाव इंद्र व विश्वकर्मा यांच्या उल्लेखाने पूर्ण व्हावे, ही गोष्ट थायी धर्मजीवनाचे स्वरूप स्पष्ट करणारी आहे.

प्राचीन काळ : आजच्या थायलंडच्या भूमीवर ताई भाषिकांचे वर्चस्व तुलनेने उशिरा प्रस्थापित झाले. इ. स. सहाव्या ते अकराव्या शतकांत मध्य भागात मोन लोकांची द्वारवती संस्कृती भरभराटीस आली होती. ‘द्वारवती’ हे नाव कृष्णाच्या द्वारकेवरून घेतलेले आहे. नाखोन पाथोम (नगर प्रथम) येथे सापडलेल्या रौप्य मुद्रांवरील ‘श्रीद्वारवतीश्वरपुण्य’ या संस्कृत लेखामुळे या राज्याच्या अस्तित्वास पुष्टी मिळाली. दगडी धर्मचक्रे हे या संस्कृतीचे वैशिष्ट्य होय. पासाक नदीच्या खोऱ्यातील सी थेप (श्रीदेव) या प्राचीन नगरीत विष्णू, कृष्ण व सूर्य यांच्या उत्कृष्ट मूर्ती मिळाल्या असून बौद्ध अवशेषही आढळले आहेत. या नगरीचा समावेश २०२३ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला.

पुढे अंगकोरच्या ख्मेर सत्तेने पूर्व व मध्य भागांवर अंमल बसविला. फिमाय येथील बौद्ध मंदिर आणि विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरील फनोम रुंग येथील शिवमंदिर ही त्या काळाची प्रमुख स्मारके होत. फनोम रुंग मंदिराच्या द्वारावरील शेषशायी विष्णूची शिल्पपट्टी १९६० च्या दशकात नाहीशी झाली होती. ती अमेरिकेतील शिकागोच्या कलासंग्रहालयात असल्याचे पुढे आढळून आले. थायलंडमध्ये या प्रश्नावर मोठी लोकचळवळ झाली आणि १९८८ मध्ये ती शिल्पपट्टी परत मिळून मूळ जागी बसविण्यात आली. ख्मेर राजवटीत कोरलेले एक वैष्णव शिल्प बौद्ध बहुसंख्य थायी जनतेच्या राष्ट्रीय अस्मितेचे प्रतीक बनले, हे येथे लक्षणीय आहे.

सुखोथाई : पारंपरिक इतिहासानुसार सु. १२३८ मध्ये श्री इंद्रादित्य याने सुखोथाई (सुखोदय) येथे ताई राज्य स्थापन केले. त्याचा पुत्र राम खामहेंग (कार. सु. १२७९–९८) हा थायी लिपीचा प्रवर्तक मानला जातो. या समजुतीस १२९२ च्या एका शिलालेखाचा आधार आहे. राज्यात धान्याची व मासळीची समृद्धी होती, राजा व्यापारावर जकात घेत नसे, आणि राजद्वारी टांगलेली घंटा वाजवून कोणीही प्रजाजन दाद मागू शकत असे, असे वर्णन त्यात आहे. हा लेख मोंगकुट या राजपुत्राने भिक्षू असताना १८३३ मध्ये शोधून काढला. तथापि १९८० च्या दशकात मायकेल व्हिकरी, पिरिया क्रायरिक्ष प्रभृती अभ्यासकांनी लिपी, शब्दकळा व आशय यांच्या आधारे तो एकोणिसाव्या शतकात रचला गेला असावा, असा आक्षेप घेतला. अन्य अनेक तज्ञांनी तो अमान्य केला. युनेस्कोने २००३ मध्ये या शिलालेखाची नोंद जागतिक स्मृतिपटात केली. वादाचे महत्त्व केवळ पुराभिलेखविद्येपुरते नाही. दयाळू, पितृतुल्य राजा व त्याची सुखी प्रजा या कल्पनेवर आधुनिक थायी राजसत्तेचे बरेचसे नैतिक अधिष्ठान उभे असल्यामुळे लेखाच्या अस्सलपणाची चर्चा ही राजसंस्थेचीही चर्चा ठरते.

अयुथ्या : रामाधिपती पहिला (उथोंग) याने १३५१ मध्ये स्थापिलेल्या अयुथ्या या राजधानीचे नाव रामाच्या अयोध्येवरून ठेवलेले आहे. चार शतकांहून अधिक काळ हे राज्य टिकले. अयुथ्याने १४३१ मध्ये अंगकोर जिंकले; परंतु जित ख्मेरांची दरबारी भाषा, राजा देवांश असल्याची कल्पना व ब्राह्मणी विधी विजेत्यांनी आत्मसात केले. त्रैलोकनाथ (कार. १४४८–८८) याने ‘साकदिना’ ही श्रेणिबद्ध व्यवस्था दृढ केली. तीत राजपुत्रापासून गुलामापर्यंत प्रत्येक व्यक्तीचा दर्जा जमिनीच्या परिमाणात अंकांनी निश्चित केलेला असे. जन्मावर आधारलेली जातिव्यवस्था मात्र थायी समाजाने स्वीकारली नाही. ‘थम्मसात’ (धर्मशास्त्र) हे विधिग्रंथ मोन लोकांकडून आले. मनूचे नाव त्यांत येते. परंतु तो वर्णाश्रमाचा प्रवक्ता म्हणून नव्हे, तर न्याय सांगणारा ऋषी म्हणून येतो. भारतीय परंपरा थायी लोकांनी कशी निवडून घेतली, याचे हे ठळक उदाहरण होय.

अयुथ्या हे आशियातील मोठे व्यापारी केंद्र होते. पोर्तुगीजांनी मलाक्का घेतल्यावर १५११ मध्ये आफोंसो द अल्बुकर्कने, म्हणजे गोव्याच्या विजेत्याने, द्वार्ते फर्नांदिश यास अयुथ्येस पाठविले. तेथे पोहोचणारा तो पहिला यूरोपीय दूत होय. पुढे डच, इंग्रज, फ्रेंच व जपानी लोकांच्या वसाहती नगरालगत झाल्या. इराणमधून आलेल्या शेख अहमद या व्यापाऱ्याचे वंशज दरबारात उच्चपदी पोहोचले. पुढील काळात प्रबळ ठरलेले बुन्नाग हे बौद्ध घराणे त्याच्याच वंशातील होय. नाराय (नारायण) राजाच्या कारकिर्दीत (१६५६–८८) कॉन्स्टंटाइन फॉल्कन हा ग्रीक साहसी परराष्ट्रव्यवहाराचा सूत्रधार बनला. नारायने १६८६ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडे वकिलात पाठविली. फ्रेंच सैन्याच्या उपस्थितीमुळे असंतोष वाढून १६८८ मध्ये फेतराचा याने सत्ता घेतली, फॉल्कनला ठार करण्यात आले व फ्रेंच सैन्यास देश सोडावा लागला. फॉल्कनची पत्नी मारिया ग्युमार हिचे नाव मात्र पाकशास्त्रात टिकून आहे. अंड्याच्या बलकाच्या सोनेरी शेवयांसारखे ‘फॉय थोंग’ हे थायी मिष्टान्न मूळ पोर्तुगीज असून त्याच्या प्रसाराचे श्रेय परंपरेने तिला दिले जाते. थायी जेवणाची ओळख बनलेली मिरचीही यूरोपीय व्यापाऱ्यांमार्फत अमेरिका खंडातून आली.

अठराव्या शतकातील एक घटना धर्मेतिहासात महत्त्वाची आहे. थायी थेरवादाला श्रीलंकेच्या परंपरेने पूर्वी प्रेरणा दिली होती. परंतु श्रीलंकेतच विधिवत उपसंपदा देऊ शकणारा भिक्षुसंघ उरला नाही. तेव्हा कँडीचा राजा कीर्ती श्री राजसिंह याच्या विनंतीवरून अयुथ्येच्या बोरोमकोट राजाने उपाली थेर व अन्य भिक्षू यांना तेथे पाठविले आणि १७५३ मध्ये उपसंपदेची परंपरा पुनःस्थापित झाली. श्रीलंकेतील सर्वांत मोठा भिक्षुसंप्रदाय आजही ‘सयाम निकाय’ या नावाने ओळखला जातो. ब्रह्मी सैन्याने ७ एप्रिल १७६७ रोजी अयुथ्या जिंकून तिचा विध्वंस केला. त्यात ग्रंथ, बखरी व कागदपत्रे यांचा प्रचंड नाश झाल्यामुळे अयुथ्याकालीन इतिहासासाठी परकीय प्रवाशांच्या वृत्तांतांवर मोठ्या प्रमाणात विसंबावे लागते. चिनी पित्याचा पुत्र असलेल्या ताकसिन (कार. १७६७–८२) याने थोनबुरी येथून राज्याची पुन्हा जुळवाजुळव केली. त्याच्यानंतर चक्री या सेनानीने ६ एप्रिल १७८२ रोजी सध्याच्या राजघराण्याची स्थापना केली व राजधानी बँकॉकला हलविली.

बौद्ध धर्म : लोकसंख्येपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक थेरवादी बौद्ध आहेत. तथापि १९३२ नंतरच्या राज्यघटनांनी राजा बौद्ध असला पाहिजे आणि तो सर्व धर्मांचा आश्रयदाता असेल, एवढेच नमूद केले आहे. बौद्ध धर्मास राजधर्म घोषित करावे ही मागणी २००७ मध्ये आग्रहाने पुढे आली. परंतु ती मान्य झाली नाही. पुरुषाने आयुष्यात एकदा, बहुधा विवाहापूर्वी, काही काळ प्रव्रज्या घ्यावी, अशी रूढी आहे. हे व्रत आजन्म नसते. वर्षावासाचे तीन महिने किंवा केवळ काही दिवस चीवर धारण करून पुन्हा संसारात परतता येते. पुत्राच्या प्रव्रज्येचे पुण्य मातापित्यांना, विशेषतः मातेला, लाभते अशी श्रद्धा आहे.

मोंगकुट हा राजपुत्र अशाच अल्पकालीन प्रव्रज्येसाठी १८२४ मध्ये संघात गेला. परंतु वारसाहक्काच्या राजकारणामुळे २७ वर्षे भिक्षू राहिला. या काळात त्याने पाली, लॅटिन, इंग्रजी व खगोलशास्त्र यांचा अभ्यास केला आणि विनयाच्या काटेकोर पालनावर भर देणारा थम्मयुत (धर्मयुक्त) निकाय स्थापिला. १९०२ च्या संघविषयक कायद्याने देशातील सर्व भिक्षू एका श्रेणिबद्ध प्रशासनाखाली आले. धर्मसंस्था शासनाच्या चौकटीत इतकी बांधली जाणे, हे थायी बौद्ध धर्माचे वैशिष्ट्य होय. भिक्षूंना मतदानाचा अधिकार नाही, हाही त्याचाच भाग आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ही चौकट अधिक कठोर ठरली. संघराजाने १९२८ मध्ये स्त्रियांना दीक्षा देण्यास भिक्षूंना मनाई केली. त्यामुळे मुंडन करून श्वेत वस्त्रे नेसणाऱ्या ‘मे ची’ या उपासिकांना भिक्षुणीचा दर्जा मिळत नाही. चात्सुमार्न काबिलसिंग या विदुषीने २००३ मध्ये श्रीलंकेत उपसंपदा घेऊन धम्मानंदा हे नाव धारण केले. त्यांच्यानंतर अनेक स्त्रिया त्या मार्गाने गेल्या. परंतु थायी संघाने त्यांना मान्यता दिलेली नाही. अठराव्या शतकात ज्या देशाने श्रीलंकेला भिक्षुपरंपरा परत दिली, त्याच देशातील स्त्रियांना आज भिक्षुणीपरंपरेसाठी श्रीलंकेकडे जावे लागते.

ब्राह्मणी विधी व लोकदेवता : बँकॉकमध्ये राजवाड्यापासून जवळच १७८४ मध्ये बांधलेले देवस्थान (थेवसथान) हे ब्राह्मणी मंदिर आहे. तेथील राजपुरोहित श्वेत वस्त्रे परिधान करतात व केसांची गाठ बांधतात. त्यांचे पूर्वज दक्षिण भारतातून मलाया द्वीपकल्पातील नाखोन सी थम्मरात (नगर श्रीधर्मराज) मार्गे आले, असे परंपरा सांगते. हे ब्राह्मण बुद्धालाही वंदन करतात. त्यांच्या ‘त्रियंपवाय–त्रिपवाय’ या वार्षिक विधीचे नाव ‘तिरुवेंपावै’ व ‘तिरुप्पावै’ या अनुक्रमे शैव व वैष्णव तमिळ स्तोत्रांवरून आलेले आहे. शतकानुशतके तोंडी चालत आलेल्या पठणात मूळ तमिळ शब्दांचे उच्चार ओळखू न येण्याइतके पालटले आहेत. मंदिरासमोरील तांबड्या सागवानी खांबांचा भव्य झोपाळा (साव चिंग चा) याच विधीसाठी उभारलेला होता. शंकर पृथ्वीवर येतो त्या प्रसंगी तरुण त्यावर उंच झोके घेत. हा धोकादायक कार्यक्रम १९३५ मध्ये बंद करण्यात आला.

राजाच्या नांगरणीचा विधी १९६० पासून पुन्हा सुरू झाला. त्यात पवित्र बैलांपुढे भात, मका, मूग, तीळ, पाणी, गवत व मद्य असे सात पदार्थ ठेवतात आणि बैल जे खातील त्यावरून ब्राह्मण त्या वर्षाच्या पीकपाण्याचे भाकीत करतात. २०१९ मधील वजिरालोंगकोर्न यांच्या राज्याभिषेकात राजपुरोहिताने राजचिन्हे अर्पण केली. मुकुट मात्र राजाने स्वतःच्या हाताने मस्तकी धारण केला. गरुड हे राज्याचे चिन्ह असून ललितकला विभागाच्या मुद्रेवर गणपती आहे. बँकॉकमधील एरावन हॉटेलच्या बांधकामात अडथळे आल्यावर ज्योतिषाच्या सल्ल्याने १९५६ मध्ये तेथे चतुर्मुख ब्रह्मदेवाची स्थापना करण्यात आली. भारतात ज्या देवाची स्वतंत्र मंदिरे अत्यल्प आहेत, त्याच्या या देवळीपुढे बौद्ध व चिनी भाविकांची अहोरात्र रीघ असते. घरोघरी व कार्यालयांसमोर दिसणारी ‘सान फ्रा फूम’ (भूमिदेवतेची घुमटी) मात्र जागेच्या रक्षक आत्म्यांवरील स्थानिक श्रद्धेतून आलेली आहे. हे सर्व थर थायी माणसाच्या मनात परस्परविरोधी नसतात : मोक्षासाठी बुद्ध, राजविधींसाठी ब्राह्मण व दैनंदिन अडचणींसाठी देवता अशी ढोबळ विभागणी असते.

रामकियन : रामकथेचे थायी रूप ‘रामकियन’ (रामकीर्ती) या नावाने प्रसिद्ध आहे. पहिला राम याच्या प्रेरणेने १७९७ मध्ये तिची बृहद् काव्यसंहिता सिद्ध झाली. बँकॉकच्या वाट फ्रा केव या राजमंदिराच्या ओवऱ्यांत तिचे १७८ चित्रांत अंकन केलेले आहे. याच मंदिरात हिरव्या जेड पाषाणाची सु. ६६ सेंमी. उंचीची ‘मरकत बुद्ध’ मूर्ती असून ऋतुमानानुसार वर्षातून तीनदा तिची वस्त्रे राजाच्या हस्ते बदलली जातात. रामकियनमध्ये सीता ही तोसकांथ (दशकंठ, म्हणजे रावण) याची कन्या असून भविष्यवाणीमुळे जन्मतःच त्यागलेली आहे. हनुमान हा ब्रह्मचारी नाही. तो रसिक व शृंगारप्रिय वीर आहे. तोसकांथाची मत्स्यकन्या सुफन्नमच्चा (सुवर्णमत्स्या) व फिफेक (बिभीषण) याची कन्या बेंयकाय यांच्याशी त्याचे प्रणयप्रसंग रंगविलेले आहेत. भारतीय वाचकास हा विपर्यास वाटण्याची शक्यता आहे. परंतु सीता रावणकन्या असल्याची कथा भारतातील जैन व लोकपरंपरेतही आढळते, हे ध्यानात घेतले पाहिजे. रामकियनवर आधारलेल्या ‘खोन’ या मुखवटानृत्याची २०१८ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशात नोंद केली. चक्री राजांचा ‘पहिला राम, दुसरा राम’ असा उल्लेख करण्याची पद्धत मात्र प्राचीन नाही, सहावा राम वजिरावुध (कार. १९१०–२५) याने ती रूढ केली. [⟶ रामायण].

भाषा व कालगणना : थायी ही सुरावलीची भाषा असून ती संस्कृतशी वा चिनीशी सजातीय नाही, तिचा समावेश क्रा-दाई भाषाकुलात होतो. लिपी मात्र दक्षिण भारतीय मूळ असलेल्या ख्मेर लिपीवरून घडलेली आहे. पाली-संस्कृत शब्दांचे मूळ लेखन थायीत जपले जाते, उच्चार मात्र थायी वळणाने होतो; त्यामुळे ‘सुवर्णभूमि’ असे लिहून ‘सुवन्नफूम’ असे वाचतात. आहार (आहान), भाषा (फासा), विद्या (विचा), गुरू (ख्रू) हे शब्द नित्य वापरात आहेत. ‘महाविथायालाय’ (महाविद्यालय) याचा अर्थ विद्यापीठ असा होतो. आधुनिक कल्पनांसाठीही थायी विद्वानांनी संस्कृतचाच आधार घेतला : दूरध्वनी म्हणजे ‘थोरसाप’ (दूरशब्द) व तार म्हणजे ‘थोरलेक’ (दूरलेख). मराठीतील शासनव्यवहाराच्या परिभाषेशी या शब्दघडणीचे साम्य उघड आहे.

देववोंग या राजपुत्राने १८८९ मध्ये सौर महिन्यांना राशींवरून नावे दिली. ३१ दिवसांच्या महिन्यांना ‘आगम’ व ३० दिवसांच्या महिन्यांना ‘आयन’ या शब्दांवरून प्रत्यय लावला, उदा., जानेवारीस मकराखोम व एप्रिलला मेसायोन. फेब्रुवारी मात्र कुम्फाफान (कुंभबंध) झाला. त्यामुळे महिना किती दिवसांचा, हे नावावरूनच समजते. बुद्धवर्ष १९१३ मध्ये अधिकृत झाले; ते इसवी सनापेक्षा ५४३ वर्षांनी पुढे असते. १८८९ पासून वर्षारंभ १ एप्रिलला होत असे. १९४१ पासून तो १ जानेवारीला आणल्यामुळे बुद्धवर्ष २४८३ हे नऊच महिन्यांचे झाले. परंपरागत नववर्ष ‘सोंगक्रान’ (संक्रांत) १३ ते १५ एप्रिल या दिवसांत एकमेकांवर पाणी उडवून साजरे होते. आडनावे थायी समाजात नव्हती. ती १९१३ च्या कायद्याने सक्तीची झाली आणि वजिरावुधने स्वतः हजारो कुटुंबांना, प्रायः संस्कृतोद्भव, आडनावे बहाल केली. थायलंडमधील अनेक ‘भारतीय’ खुणा प्राचीन काळच्या नसून आधुनिक राज्यकर्त्यांनी जाणीवपूर्वक निवडलेल्या आहेत, हे यावरून दिसून येते.

स्वातंत्र्य व त्याची किंमत : सयाम पारतंत्र्यात गेले नाही, याचे श्रेय मोंगकुट (कार. १८५१–६८) व चुलालोंगकोर्न (कार. १८६८–१९१०) या राजांच्या मुत्सद्देगिरीस दिले जाते. ते बव्हंशी योग्य आहे. मोंगकुटने १८५५ मध्ये ब्रिटनशी बौरिंग करार केला. त्याने आयातकर तीन टक्क्यांवर मर्यादित झाला आणि ब्रिटिश प्रजाजन सयामी न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले. अन्य राष्ट्रांनीही तशाच सवलती मिळविल्या. आर्थिक व न्यायविषयक स्वायत्तता अशा रीतीने आकुंचित झाली आणि ती पूर्णतः परत मिळण्यास १९३७-३८ साल उजाडावे लागले. मोंगकुटने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे गणित स्वतः मांडून यूरोपीय पाहुण्यांसह ते वाको येथून पाहिले. याच ग्रहणाचा अभ्यास भारतात गुंटूर येथे झांसेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने केला होता. वाकोच्या दलदलीत जडलेल्या हिवतापाने राजाचा १ ऑक्टोबर १८६८ रोजी मृत्यू झाला.

तरुण चुलालोंगकोर्नने १८७२ च्या आरंभी कलकत्ता, दिल्ली, आग्रा, लखनौ, मुंबई व वाराणसी या नगरांना भेट दिली. ब्रिटिशांची प्रशासनव्यवस्था पाहणे हा तिचा एक प्रमुख हेतू होता. परतल्यावर त्याने १८७३ मध्ये राजापुढे साष्टांग लोटांगण घालण्याची प्रथा रद्द केली आणि गुलामगिरीचे १८७४ पासून १९०५ पर्यंत टप्प्याटप्प्याने उच्चाटन केले. परंतु याच काळात फ्रेंच युद्धनौका १८९३ मध्ये चाओ फ्राया नदीत शिरल्या व मेकाँगच्या पूर्व तीरावरील लाओ प्रदेश सयामला सोडावा लागला. पुढे १९०४ व १९०७ मध्ये आणखी लाओ मुलूख आणि बाट्टमबांग व सिएम रीप हे कंबोडियन प्रांत फ्रान्सकडे, तर १९०९ मध्ये केडा, केलांतान, तेरेंगानू व पेर्लिस ही मलाया राज्ये ब्रिटनकडे गेली. ब्रिटन व फ्रान्स यांनी १८९६ मध्ये आपापसांत करार करून चाओ फ्रायाचे खोरे तटस्थ ठेवले होते. म्हणजे सयामच्या स्वातंत्र्यास राजांच्या कौशल्याइतकीच दोन साम्राज्यांची परस्पर सोयही कारणीभूत होती.

या इतिहासाला दुसरी बाजू आहे. पूर्वी चिआंग माय, लाओ नगरे, पटानी इ. संस्थाने खंडणी देऊन आपापला कारभार पाहत आणि एकच संस्थान दोन अधिराजांनाही मानत असे. नकाशावर आखलेल्या सरहद्दीची कल्पना नव्हती. यूरोपीयांशी झालेल्या स्पर्धेत बँकॉकनेही तीच कल्पना उचलली आणि दामरोंग या राजपुत्राच्या गृहमंत्रिपदाच्या काळात (१८९२–१९१५) मांडलिकांऐवजी केंद्राने नेमलेले अधिकारी आले. १९०१-०२ मध्ये ईशान्येत ‘पुण्यवंतांचे बंड’ व उत्तरेत फ्रे येथील शान लोकांचा उठाव चिरडण्यात आला. पटानीच्या मलायी राजालाही पदच्युत करण्यात आले. थोंगचाय विनिचकुल या इतिहासकाराने १९९४ मधील आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, आजच्या थायलंडचा आकार हा साम्राज्यांनी कुरतडून उरलेला प्राचीन देश नसून त्याच स्पर्धेतून घडलेला नवा देश आहे. मुसलमान मलायी लोकांच्या पत्तानी, याला व नराथिवात या प्रांतांत २००४ पासून पुन्हा भडकलेल्या संघर्षात ७,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आहेत. फ्रेंच काळातील सीमारेषेवरून प्रेअ विहेअर या शिवमंदिराचा वाद उद्भवला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये ते कंबोडियाचे असल्याचा निर्णय दिला. तथापि सीमेवर २००८ ते २०११ या काळात चकमकी झाल्या आणि जुलै व डिसेंबर २०२५ मध्येही दोन्ही देशांत सशस्त्र संघर्ष झाला. धर्म व राजविधी समान असलेल्या दोन शेजारी राष्ट्रांनी एका सामाईक वारशासाठी लढावे, ही या सरहद्दींची दुःखद निष्पत्ती होय.

आधुनिक काळ : २४ जून १९३२ रोजी ‘जनपक्ष’ या गटाने रक्तहीन क्रांती करून अनियंत्रित राजेशाही संपविली. प्रिदी फनोमयोंग हा तिचा वैचारिक, तर फिबून हा लष्करी नेता. फिबूनने १९३९ ते १९४२ या काळात बारा सांस्कृतिक आदेश काढून पोशाख, भाषा व राष्ट्रगीताचा मान यांविषयीचे आचार ठरवून दिले. आज परंपरागत म्हणून जगभर ओळखला जाणारा ‘फात थाय’ हा शेवयांचा पदार्थ याच काळात राष्ट्रीय अन्न म्हणून पुढे आला. दुसऱ्या महायुद्धात थायलंडने २५ जानेवारी १९४२ रोजी ब्रिटन व अमेरिका यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले. परंतु वॉशिंग्टनमधील थायी राजदूत सेनी प्रामोज याने युद्धघोषणा अमेरिकेस सादर करण्यास नकार दिला व ‘स्वतंत्र थायी’ चळवळ उभी केली. राजप्रतिनिधी प्रिदी हा देशात राहून गुप्तपणे तिचे नेतृत्व करीत होता. युद्धोत्तर काळात अमेरिकेने थायलंडला शत्रुराष्ट्र मानले नाही.

१९३२ पासून देशात वारंवार लष्करी उठाव झाले. अलीकडील यशस्वी उठाव २००६ व २०१४ मधील होत. २०१७ ची राज्यघटना ही विसावी आहे. ऑक्टोबर १९७३ मधील विद्यार्थी आंदोलनाने लष्करी राजवट उलथविली. पण ६ ऑक्टोबर १९७६ रोजी थम्मसात (धर्मशास्त्र) विद्यापीठात विद्यार्थ्यांचे हत्याकांड झाले. भूमिबोल (कार. १९४६–२०१६) यांच्या ७० वर्षांच्या कारकिर्दीत राजसंस्थेची प्रतिष्ठा फार वाढली. राजाच्या अवमानाबद्दल दंडसंहितेच्या कलम ११२ खाली प्रत्येक आरोपास १५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. २०२० मधील तरुणांच्या आंदोलनात या कलमाचा व राजसंस्थेच्या सुधारणेचा प्रश्न उघडपणे मांडला गेला.

मूल्यमापन : भारतीय अभ्यासकांच्या एका पिढीने आग्नेय आशियाकडे ‘बृहद्भारत’ या दृष्टीने पाहिले. थायी उदाहरण त्या दृष्टीची मर्यादा दाखविते. अयोध्या, द्वारका, इंद्र, मनू व रामकथा ही सर्व तेथे आहेत. परंतु जातिव्यवस्था नाही, हनुमान ब्रह्मचारी नाही आणि ब्राह्मण बुद्धाला वंदन करतो. घेणाऱ्याची निवड ही देणाऱ्याच्या प्रभावाइतकीच महत्त्वाची ठरली. तसेच देणेघेणे एकतर्फी राहिले नाही : श्रीलंकेस भिक्षुपरंपरा परत देणारे सयाम, आणि १८९८ मध्ये पिप्रहवा येथे सापडलेल्या बुद्धाच्या अस्थी पुढील वर्षी ब्रिटिश सरकारकडून स्वीकारून त्यांचा अंश श्रीलंका व ब्रह्मदेश येथील बौद्धांना वाटून देणारे सयाम, हे बौद्ध जगाचे एक केंद्रच होते. बाहेरचे स्वीकारून त्यास आपले रूप देण्याची ही क्षमता थायी संस्कृतीचे बळ होय. देशातील मलायी, लाओ, ख्मेर व अन्य समाजांच्या वेगळेपणासही तोच उदारपणा लाभेल किंवा नाही, यावर तिचे पुढील स्वरूप बरेचसे अवलंबून राहील.